दोघींच्या स्क्रीनवर

मला दवाखान्यातून कुणी काढून टाकलं नाही. काढलं असतं तर मी भांडले तरी असते. फक्त कॉम्प्युटरवरून उठवून ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं आणि सगळे माझ्याशी फार गोड बोलायला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत डॉक्टरांनी मला कधी चहा विचारला नव्हता. आता विचारायचे. त्या चहाचा मला राग यायचा.

कारण कुंडलिककाका गेले होते. मुलुंड चेकनाक्याजवळच्या एका सोसायटीत ते वॉचमन होते. पोटात कळा येत होत्या म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना आणलं तेव्हा ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर त्यांचं कार्ड उघडलं. अ‍ॅलर्जीचा रकाना रिकामा होता. त्यांनी कळ थांबवायचं नेहमीचं इंजेक्शन दिलं. मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत काका संपले होते. नेमकं तेच इंजेक्शन त्यांना चालत नव्हतं. आधीच्या खेपेला त्यांनी ते मला सांगितलं होतं आणि मी ते कार्डावर लिहिलं होतं.

लिहिलं होतं ना? सुरुवातीला मी छातीठोकपणे सांगायचे, टाईप केलं, बटण दाबलं, 'सेव्ह झाले' अशी पाटी आली. दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टचे मधुकरराव समजुतीने म्हणाले, "ताई, होतं असं. माणूस विसरतो. कॉम्प्युटर थोडाच विसरतो?" सगळ्यांनी मान हलवली. मग हळूहळू माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर जायला लागले. एका माणसाचा जीव माझ्या विसरण्याने गेला का, एवढंच मला कळायला हवं होतं. गेला असेल तर तसं, नसेल तर तसं. मधलं मला सोसवत नव्हतं.

म्हणून मी घाटकोपरला जयवंत सरांच्या क्लासला नाव घातलं. माझा मुलगा सम्यक म्हणाला, "आई, हे पोरांचं काम आहे गं." मी म्हटलं, मग पोरांसारखी शिकेन. आधी साधा कोर्स केला, एका कॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्राम. फॉर्म कसा बनतो, बटण दाबल्यावर मागे काय होतं. मी मुद्दाम चुका करून बघायचे, पण माझं लिहिलेलं काही केल्या गायब व्हायचं नाही. म्हणजे मीच विसरले, असं वाटून दर रविवारी मी तोंड पाडून घरी यायचे.

मग पुढचा कोर्स सुरू झाला. माहितीचा साठा एकच, पण त्याच्यावर एकाच वेळी बरेच कॉम्प्युटर काम करणार. सर मालवणचे, तापट. पहिल्याच दिवशी म्हणाले, "एकट्यासाठी प्रोग्राम कोण पण लिवता. दोन माणसां इली की खरी वाट लागता."

त्यांनी दिशा आणि देवेश या दोघांना पुढे बोलावलं. दोघांच्या हातात एकाच माणसाच्या माहितीचा एकेक कागद दिला. "दिशा, तू पत्ता बदल. देवेश, तू फोन नंबर. जो कागद माझ्याकडे येईल तो मी ठेवणार आणि आधीचा फाडणार." दिशाने कागद आणून दिला. सरांनी जुना फाडला. मग देवेशने आणला. सरांनी दिशाचा फाडला आणि देवेशचा मोठ्याने वाचला. फोन नवा होता, पत्ता जुना. देवेशच्या कागदावर पहिल्यापासून जुनाच पत्ता होता, त्याने त्याला हातही लावला नव्हता.

"दोघांनाही सांगितलं, सेव्ह झालं," सर म्हणाले. "दोघांपैकी कोणीही खोटं बोललं नाही. मग दिशाचा पत्ता कुठे गेला?"

वर्ग हसला. मला उठून बाहेर जावं लागलं. जिन्यात भिंतीला टेकून मी रडले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या गेल्या मी काउंटरवरच्या अक्षताला विचारलं, "कुंडलिककाका त्या आधीच्या खेपेला आले होते, तेव्हा त्यांच्या कार्डात तू काही बदललंस?"

"हो. बायकोचा नंबर," ती म्हणाली. "कार्ड उघडलं आणि लॅबचा फोन आला. काकांना तुमच्याकडे आत पाठवलं. कार्ड तसंच उघडं होतं, फोन ठेवल्यावर त्यात नंबर टाकला. ताई, त्याच नंबरवर तर मी कळवलं ना, काका गेले ते."

मी तिला दिशा आणि देवेशची गोष्ट सांगितली. ती हुशार आहे, अर्ध्यातच तिला कळलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी पुसलं?"

मला इतकं हलकं वाटत होतं की त्याची लाज वाटली. वर्षभर मी कुणाकडून तरी एक वाक्य ऐकायला तरसले होते. तेच मी तिला म्हटलं, "तू नाही केलंस. तू नंबर लिहिलास, तो बरोबर होता. मी अ‍ॅलर्जी लिहिली, तीही बरोबर होती. प्रोग्रामच एका माणसापुरता लिहिलेला होता." मग म्हटलं, "मला कळलं, तेवढं मला पुरे. तू कुणाला सांगू नकोस."

तिने कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाली, "नाही ताई. उद्या दुसऱ्या कुणाचं जाईल. डॉक्टरांना बोलवा. मधुकररावांना पण."

ते दोघं आले. अक्षताने काउंटरवर कुंडलिककाकांचं कार्ड उघडलं. ते कुणी अजून काढलं नव्हतं. आतल्या कॉम्प्युटरवर तेच कार्ड मी उघडलं. वर्षानंतर त्या खुर्चीत बसले होते. मी इंजेक्शनचं नाव लिहिलं आणि सेव्ह केलं. मग अक्षताने नंबर होता तसाच परत टाईप केला आणि सेव्ह केलं. दोघींच्या स्क्रीनवर पाटी आली, 'सेव्ह झाले'.

मी कार्ड बंद करून पुन्हा उघडलं. रकाना रिकामा होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जयाताई," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. अक्षता दारात उभी राहून म्हणाली, "ताईंनी लिहिलं होतं. सगळ्यांनी बघितलं ना आता?"

ते दोघं गेल्यावरही मी उठले नाही. "अक्षता, तुझ्याकडचं कार्ड बंद कर," मी म्हटलं. तिने केलं. मग मी इंजेक्शनचं नाव पुन्हा लिहिलं, एकेक अक्षर बघून, आणि बटण दाबलं. पाटी आली, पण आता माझा तिच्यावर विश्वास नव्हता. अक्षता कार्ड परत उघडेपर्यंत मी वाट बघत बसले.

बाहेरून अक्षताचा आवाज आला.

"ताई, इकडे दिसतंय."