चार बोटं वर

संग्रहालय उघडायच्या आधीच दोघं भावंडं दारात जाऊन उभी राहिली. दादाच्या हातात काठी, धाकटीच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि दोघांचे चष्मे. केस पांढरे झाले तरी घरात तिला अजून धाकटीच म्हणत, आणि दादाही थोरलेपणा सोडायला तयार नव्हता.

तिथल्या जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाईंचा फोन आला होता. "तुमच्या वडिलांच्या चित्रात खालून काहीतरी वर येतंय. एकदा येऊन बघा, मग काय करायचं ते ठरवू."

ते चित्र म्हणजे निळा फ्रॉक घालून स्टुलावर बसलेली मुलगी. ती मुलगी म्हणजे धाकटी. नातवंडं मित्रमैत्रिणींना घेऊन तिथे जात आणि ऐटीत सांगत, ही आमची आजी. संसाराच्या रगाड्यात तिचं दुसरं काही कुठे टांगलं गेलं नव्हतं. एवढी एकच भिंत तिच्या मालकीची होती.

"आधी मडकी बघू," दादा म्हणाला.

"अरे, मडकी काय पळून जातायत?"

"मग चित्र तरी कुठे पळतंय?"

त्याने मडकी बघितली. पितळी घोडा बघितला, त्याच्या खुरांची तारीफ केली. प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. मग चहाची तल्लफ आली. चहा पिताना त्याने धाकटीच्या हातांकडे बघून नेहमीची थट्टा केली. "चित्रात काय लांबसडक बोटं आहेत तुझी. भांडी घासून घासून आखडली बहुतेक."

"तू एक दिवस तरी घासली असतीस तर वाचली असती."

दुपार कलली तसा शेवटच्या दालनाच्या दाराशी तो बाकावर बसला. "तू बघून ये. माझे गुडघे दुखतायत."

"मघाशी जिना चढताना नाही दुखले ते?"

दादाने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि जमिनीकडे बघत राहिला. धाकटीला हे लक्षण ठाऊक होतं. आई गेली तेव्हाही तो असाच बसला होता.

ती एकटी आत गेली.

वडिलांची चित्र काढायची खोली तिला अजून आठवत होती. जवस तेलाचा वास, उत्तरेची खिडकी. निळा फ्रॉक आईने ट्रंकेतून काढून दिला होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. पाठीमागे कापड दुमडून टाचण्या लावायच्या, मग हलायचं नाही. आई त्या खोलीत कधी यायची नाही. स्टूल मात्र बसायच्या आधीच कोमट असायचं, जणू आत्ताच कुणी उठून गेलंय. आणखी एक गोष्ट तिला कळायची नाही. वडील तिच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. त्यांची नजर तिच्या डोळ्यांच्या चार बोटं वर अडकलेली असायची. वर काय आहे म्हणून तिने एकदा मान उचलली, तर ते हळूच म्हणाले, "तू नको हलूस. तू खालीच बघ."

बाई चित्राशेजारी उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या.

धाकटीने चष्मा लावला.

तिचं तोंड होतं तिथेच होतं. पण कपाळावर, दोन भुवयांच्या वर, आणखी दोन डोळे उमटले होते. फिके, धुक्यातून आल्यासारखे. डोक्यामागच्या भिंतीवर दुसऱ्या केसांचा भांग दिसत होता. ते डोळे सरळ समोर बघत होते, बरोबर त्या उंचीवर, जिथे वडील बघत असत.

"तैलरंग बऱ्याच वर्षांनी पारदर्शक होतो," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "खालचं दिसायला लागतं. आधी कुणीतरी दुसरी बसली होती. थोडी उंच. हात तिचेच आहेत, ते त्यांनी पुन्हा काढलेच नाहीत."

धाकटीने आपले हात पदराखाली घेतले.

"ताई आहे ती." आवाज मागून आला. दादा दारात उभा होता, चित्राकडे न बघता. "तिला बसवूनच सुरू केलं होतं. तापात ती गेली, चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तुला तिचा फ्रॉक येईपर्यंत."

ताई होती आणि गेली, एवढंच धाकटीला माहीत होतं. ती गेली तेव्हा हिला धड बोलताही येत नव्हतं. घरात तिचा विषय निघाला की आई उठून जायची.

"कपाळावर रंगाचा पातळ हात देता येईल," बाई म्हणाल्या. "लोकांना माहीत आहे तसं दिसेल चित्र."

"द्या," दादा म्हणाला. "झाकून टाका."

"आणि नाही दिला तर?" धाकटीने विचारलं.

बाईंनी चित्राकडे बघितलं. "तर ती वर येत राहील, आजी. तुम्ही फिक्या होत जाल."

धाकटी समोरच्या बाकावर बसली. बराच वेळ ती स्वतःच्या तोंडाकडे बघत होती, चांगलं ओळखीचं, गोबरं तोंड. मग तिने पाठ ताठ केली, हनुवटी उचलली आणि वडिलांनी बघितलं तसं चार बोटं वर बघितलं. वरचे डोळे तिच्याकडेच बघत होते. त्यांत राग नव्हता. बसून बसून कंटाळलेल्या पोरीचे डोळे होते ते.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला बघून झालंय सगळ्यांचं."

"नातवंडं काय म्हणतील?" दादाने विचारलं.

"एकदा बघ तरी तिच्याकडे."

दादाने हळूहळू मान वर केली. काठी बगलेत धरली आणि विस्कटलेले केस तळहाताने नीट बसवले, शाळेला निघालेल्या मुलासारखे. "झालं," तो कुणाला तरी म्हणाला. "आता मी थोरला नाही राहिलो."

घंटा झाली. निघायला हवं होतं. धाकटी उठली आणि सवयीने मागे हात लावून बाक चाचपला. ती बसली होती ती जागा कोमट होती. ते साहजिकच होतं. शेजारच्या जागेलाही हात लावून बघावं असं तिला वाटलं.

तिने हात पदराखाली घेतला आणि दादाचा दंड धरून बाहेर आली.