बाबांचं चुकलेलं पदक

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या ताईला अख्खी गल्ली 'पदकवाली' म्हणायची. म्हणायची चिडवायला, पण तिला त्याचं कोण कौतुक! देशाच्या पहिल्या नेत्याच्या गौरवासाठी निघालेली जुनी पदकं तिने भंगारवाल्यांशी हुज्जत घालून, ओळखीपाळखी काढून एकेक करून जमवली होती. नवऱ्याने केव्हाच हात टेकले होते.

खरं सांगायचं तर तिला हवं होतं एकच पदक. तिचे बाबा टांकसाळीत ठसे कोरायचे. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे पदकावर सुलटं उमटतं. नेत्याच्या साठीला बाबांनी समोरून दिसणारा चेहरा कोरला. भांग उलटा, गळपट्टी उलटी, सगळं कसं बरोब्बर. आणि डाव्या गालावरचा तीळ मात्र फोटोत बघून तिथल्या तिथे ठेवला! पदकं निघाली ती उजव्या गालावर तीळ घेऊन. टांकसाळीच्या साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी पदकं वितळवली, आणि बाबांना पुन्हा चेहरा म्हणून कोरायला दिला नाही. जन्मभर नुसते आकडे आणि काठाची नक्षी. घरात त्या कामाचं नाव काढायची सोय नव्हती.

त्यातलं एक पदक कसं कोण जाणे वाचलं, आणि ताईला ते एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या डब्यात सापडलं. तिथेच स्टुलावर बसून ती ढसाढसा रडली.

वाचनालयात तिच्या पदकांचं प्रदर्शन ठरलं. या पदकाखाली तिने चिठ्ठी लावली: ठसा कोरणारे, आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव. हे कळल्यावर मोठा दादा जाम भडकला. "बाबांची फजिती काचेत मांडून लोकांना हसवणार आहेस?" तो म्हणाला, आणि आपण तिकडे फिरकणारही नाही हेही सुनावलं. दादाचंच खरं असलं तर? ताईने चिठ्ठी काढली, पुन्हा लावली. लाज वाटायची ती त्या साहेबाला वाटू दे, म्हणाली.

लोक आले. बाकीच्या पदकांवरचे चेहरे गळपट्टी टोचत असल्यासारखे ताठ. लोक भराभर पुढे सरकायचे आणि बाबांच्या पदकापाशी येऊन रेंगाळायचे. एका शिक्षिकाबाईंनी तीळ बरोबर हेरला, खुदकन हसल्या, आणि तरी जागच्या हलल्या नाहीत. ताईची मान अशी काही ताठ झाली की विचारू नका.

बंद व्हायच्या सुमाराला दादा आला. ताईने दुकानातलं भिंग त्याच्या हातात दिलं. तो पदकावर वाकला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, आत्ता बोलतील असे ओठ. बराच वेळ तो वर बघेना. आता बोलणी खावी लागणार म्हणून ताईने मन घट्ट केलं.

"एवढं सुंदर कोरायचे?" दादा भिंगातून बघतच म्हणाला. "आपल्याला नुसती चूकच माहीत होती गं."

मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी जरा सरकता का, असं विचारलं. दादा सरकला नाही.

"थांबा थोडं," तो म्हणाला, "आमच्या बाबांचं काम आहे."