अक्काचे दहा गुण

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली पाचजणींनी मिळून चालवलेल्या बुकबाइंडिंगच्या कारखान्याला जागा सोडावी लागली. पुढे तीन जागा होत्या. तळमजल्यावरची अंधारी खोली, तिसऱ्या मजल्यावरची उजेडाची आणि गावाबाहेरची शेड.

अक्का पानं शिवायची. तिचा गुडघा पार गेला होता. तीन जिने म्हणजे काम सुटलंच. पण रडगाणं गाणं तिला जमायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "कुरकुरतो जरा, सासूसारखा."

पाचजणींनी आवडीचा क्रम लावला. शेड सगळ्यांच्याच तळाला. अक्का, तिची भावजय आणि खळ लावणारी मावशी यांनी तळमजला पहिला ठेवला. कागद कापणाऱ्या चिमणी आणि लंबू या पोरींनी तिसरा मजला. तळमजला ठरला. पोरी रुसल्या.

"अंधारात बोटं कापून घ्यायची का आम्ही?" लंबू म्हणाली.

मावशीचा मुलगा गणिताचा मास्तर. तो म्हणाला, "क्रमावरून काय आधी हवं ते कळतं, किती हवं ते नाही कळत. दहापैकी गुण द्या. बेरीज जास्त, ती जागा."

अक्काला वाटलं, बरंच झालं. तोंड न उघडता माझी गरज दिसेल, पोरींचा रुसवाही जाईल. "गुणच देऊ," तीच आधी म्हणाली.

तिने तळमजल्याला दहा दिले, तिसऱ्याला शून्य. पोरींनी प्रत्येकी तिसऱ्याला दहा, तळमजल्याला एक. भावजयीने सरळ मनाने तळमजल्याला सात आणि तिसऱ्याला सहा दिले, मावशीने तसेच सहा आणि पाच. तळमजला पंचवीस, तिसरा मजला एकतीस.

"सातच गं?" अक्काने विचारलं.

"वन्सं, भिंतीला ओल आहे. दहा कसे देऊ? पहिली तर तीच ठेवली होती."

"मास्तर, माझे दहा आणि लंबूचे दहा सारखेच?"

"दहाच्या वर देताच येत नाहीत, अक्का."

"मग मला किती हवंय, ते कुठे लिहू?"

मास्तरने बेरीज पुन्हा करून पाहिली. लंबू हळूच म्हणाली, "पण गुण देऊ असं तुम्हीच म्हणालात."

"हो बाई, मीच."

पहिल्या दिवशी अक्का पहिल्या जिन्याच्या निम्म्यावर बसली. वरून कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ती बसूनच एकेक पायरी खाली उतरली.

भावजय वर्षभर अक्कासाठी शिवायचे गठ्ठे घरी आणत राहिली; मग तिचीच पाठ आखडली आणि गठ्ठे थांबले. मावशी लवकर गेली. चिमणी लग्न होऊन दूर गेली. लंबूने कारखाना नावारूपाला आणला. मास्तर हेडमास्तर झाला आणि शाळेत कसलीही निवड असली की मुलांना क्रमच लावायला सांगू लागला. अक्का पुष्कळ जगली. हात शेवटपर्यंत धडधाकट होते.