कावेरी, वय वर्षे पंधरा

सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी अक्षराचा निरोप आला.

"आईने माझी सगळी पुस्तकं रद्दीत दिली. 'पाणघर'चे चारही भाग. आता बास. येते."

प्रमोदिनी तेव्हा जयनगरच्या विमा कार्यालयात डबा उघडून बसली होती. उजवा हात भाकरीत गुंतलेला. डाव्या हाताच्या अंगठ्याने तिने उत्तर लिहिलं, "अगं बाई, फार वाईट झालं. शांत हो जरा. ये गं, सावकाश ये." मग फोन पर्समध्ये आणि पर्स ड्रॉवरमध्ये गेली. साडेबारापासून तिला खिडकीवर बसायचं होतं, आणि खिडकीवर फोन चालत नसे.

प्रमोदिनी सत्तेचाळीस वर्षांची. माहेर निपाणीचं, लग्नानंतरची बावीस वर्षं बसवनगुडीत. तिला कुमारांच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. तेरा-चौदा वर्षांची मुलं घर सोडतात, बुडालेल्या शहरातून वाट काढतात, पहिल्यांदा खोटं बोलतात, पहिल्यांदा कुणावर तरी जीव लावतात, असली पुस्तकं ती झपाटल्यासारखी वाचायची. मोठ्यांच्या कादंबऱ्यांतल्या माणसांना पहिल्या पानावरच सगळं कळून चुकलेलं असतं, त्यांचा तिला कंटाळा यायचा. घरी तिने कधी हे सांगितलं नव्हतं. नवऱ्याला वाटायचं, बायको फोनवर बातम्या वाचते.

वाचनाच्या त्या ॲपवर मराठी वाचकांचे दोन गट होते. मोठ्यांच्या गटात पुस्तकं सोडून बाकी सगळ्यावर भांडणं. लहानांच्या गटात मात्र 'पाणघर'च्या एकेका पानावर तीन-तीन दिवस चर्चा चालायची. आत जायला वयाच्या चौकटीत 'तेरा ते सतरा' निवडावं लागे. प्रमोदिनीने ते निवडलं आणि नाव घेतलं कावेरी. अक्षरा तिथेच भेटली. नववीतली मुलगी, आईबापांच्या नोकरीमुळे जूनमध्ये पुण्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला आलेली, शाळेत एकही मैत्रीण नसलेली. गेले पाच महिने दोघी रोज बोलत होत्या. कावेरी दहावीत होती, आणि संध्याकाळी बसवनगुडीतल्या एका लहानशा बागेत, मोठ्या खडकाला लागून असलेल्या बाकावर बसून वाचायची. बाक खरा होता. प्रमोदिनी शनिवारी तिथे बसून खरोखरच वाचत असे.

दोन चाळीसला खिडकी बंद झाली. तिने ड्रॉवर उघडला. दोन निरोप होते.

एक वाजून पंचवीस मिनिटांचा, "मॅजेस्टिकच्या बसस्टँडला पोचले! कसली वेडी गर्दी आहे. मेट्रो हिरव्या लाइनचीच ना?"

एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांचा, "नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरले. चार्ज तीन टक्के उरलाय. तुझ्या बाकावर थांबते. लवकर ये हं."

प्रमोदिनीने दोन्ही निरोप पुन्हा वाचले. मग वर सरकून पहिला वाचला. त्याखाली तिचं स्वतःचं उत्तर होतं. ये गं, सावकाश ये. 

तिने ॲपवरून फोन लावला. वाजला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही.

शेजारच्या टेबलावरचा कृष्णात चिकोडीकडचा, अडतीसचा, तिला अक्का म्हणणारा. त्याने मान वर केली. "काय झालं अक्का? लॉटरी लागली का काय? तोंड पांढरं पडलंय."

"एक मुलगी पळून आलीय घरातनं. माझ्याकडं."

"कुणाची?"

तिने फोनच त्याच्या हातात दिला. सांगायला सुरुवात केली ती अडखळतच. वय, गट, नाव, सगळं चार वाक्यांत संपलं. कृष्णात आधी हसला. "म्हणजे तुम्ही दहावीत? बोर्डाचं वर्ष की ओ, अभ्यास करा." मग त्याने पहिला निरोप वाचला आणि त्याचं हसू गेलं.

"तुम्ही 'ये' म्हणालाय अक्का."

"ती 'येते' म्हणाली! आपल्याकडं जाताना कुणी जाते म्हणतं का? येते म्हणतात. समोरचा ये म्हणतो. मला वाटलं, आईनं हाक मारली असंल, फोन ठेवतीय."

"याआधी कधी ठेवताना येते म्हणालीय?"

प्रमोदिनीने आठवून पाहिलं. पाच महिन्यांत एकदाही नाही. अक्षरा रोज 'बाय' लिहायची, पुढे एक मांजराचं चित्र. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

"आपल्याकडं ये म्हणजे जा," कृष्णात हळू म्हणाला. "पण ती आपल्याकडची नाही. आजकालच्या पोरी त्या. ये म्हणजे ये. पोलिसांना फोन करा आधी."

"काय सांगू त्यांना?"

"हेच. पण त्याच्याआधी हे एकदा स्वतः वाचा. पोलिसाच्या डोळ्यांनी वाचा."

तिने वाचलं. चौदा जुलैला कावेरीने लिहिलं होतं, "तुझ्या आईला तू कळतच नाहीस." ते एका प्रकरणातल्या आईवरून निघालं होतं. तीन सप्टेंबरला, "हे कुणाला सांगू नकोस, आपल्या दोघींतच ठेव." ते चौथ्या भागाच्या शेवटाबद्दल होतं. बारा ऑक्टोबरला, "रूहीने घर सोडलं ते बरोबरच केलं. मी असते तर तेच केलं असतं." आणि त्याच आठवड्यात, "मी संध्याकाळी त्या बाकावर एकटीच असते."

रूही कादंबरीतली होती. कादंबरी बाजूला ठेवली की चार वाक्यं उरत होती, आणि ती कुणी लिहिली असतील हे विचारायचीही गरज पडत नव्हती. पोरींना फूस लावणारी माणसं असंच लिहितात, हे ती पेपरात वाचत आली होती.

"आधी ती सापडू दे," ती म्हणाली. "वीस मिनिटांचा रस्ता आहे."

"मी आलो असतो. पण बरोबर एक बाप्या दिसला तर तुमचं आणखी वाईट होईल." कृष्णातने घड्याळ पाहिलं. "दोन बावन्न. साडेतीनपर्यंत तुमचा फोन आला नाही तर मीच पोलिसांना लावणार. मग मला नावं ठेवायची नाहीत."

रिक्षावाल्याला तिने "स्वल्प बेग", जरा लवकर, म्हणून घाई केली. त्याने आरशातून एकदा पाहिलं आणि काही न बोलता वेग वाढवला. साउथ एंडच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा तिने ॲप उघडलं. सगळ्यात खाली लाल अक्षरांत एक ओळ होती, खातं कायमचं काढून टाका. एकदा दाबलं की कावेरी गेली असती, पाच महिने गेले असते, 'ये गं, सावकाश ये' गेलं असतं. अक्षराने कितीही सांगितलं तरी दाखवायला काही उरलं नसतं. आणि कुठे चार्जिंग मिळून अक्षराने फोन चालू केला असता, तर तिच्या निरोपाला उत्तर द्यायला या जगात कुणीच नसतं. सिग्नल सुटला. प्रमोदिनीचा अंगठा त्या ओळीवर होता. तिने तो उचलला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

आणि तेव्हाच तिला आठवलं की बाग दुपारी एक ते चार बंद असते.

तीन सोळाला ती उतरली. फाटकाला कुलूप होतं. सळ्यांतून बाक दिसत होता. त्याच्यावर वाळलेली पानं पडली होती, दुसरं काही नव्हतं. दोन वाजता चौदा वर्षांची मुलगी इथे आली असणार, कुलूप बघून उभी राहिली असणार. भाषा येत नाही, फोन मेलेला, ओळखीचं कुणी नाही. मग कुणीतरी विचारलं असणार, काय बाळ, कुणाला शोधतेस?  ती कुंपणाच्या कडेने एक फेरी मारून आली. औषधाचं दुकान, झेरॉक्सचं दुकान, बंद शटर. घड्याळात तीन चोवीस.

फाटकासमोरच्या फुटपाथवर गंगव्वा फुलं ओवत बसली होती. प्रमोदिनी तिला नेहमी बघायची. तिच्या टोपलीमागे, भिंतीला टेकून, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दप्तर पोटाशी धरून बसली होती. मघाशी ती टोपलीआड झाकली गेली होती. प्रमोदिनीने तिचा चेहरा कधीच पाहिला नव्हता, तरी ओळखायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरून कुठलीही शाळकरी मुलगी वळली की ही मान उंच करून बघत होती. प्रमोदिनीवरून तिची नजर दोनदा गेली. थांबली एकदाही नाही.

"अक्षरा?"

मुलगी दचकली. "हो?"

प्रमोदिनीला खरं सांगायचं होतं. तोंडून आलं ते वेगळंच, आणि इतकं सहज आलं की तिला स्वतःलाच ते ऐकावं लागलं. "मी कावेरीची आई."

"काकू!" अक्षरा उभीच राहिली. दप्तर पाठीवर गेलंसुद्धा. "सिरियसली, मला वाटलं ती येतच नाही. कुठंय ती? घरी? लांब आहे का घर? चला ना, मला जाम भूक लागलीय."

आणि तिने प्रमोदिनीचा हात धरला.

प्रमोदिनीने त्या हाताकडे पाहिलं. नखांना जांभळ्या रंगाचं पॉलिश, निम्मं खरवडलेलं. एक नाव आणि एक वाक्य, एवढ्यावर ही मुलगी कुठेही आली असती. कुणाही बरोबर. दुपारभर प्रमोदिनी घाबरली होती ती पोलिसांना, पेपरला, नवऱ्याला. आत्ता जे वाटलं ते त्याहून फार खोल होतं. तिने हात सोडवून घेतला.

"खाली बस. गंगव्वाच्या शेजारी. तिथून हलू नकोस."

"का?"

"मी कावेरीची आई नाही. कावेरी नावाची मुलगीच नाही. ते सगळं मी लिहीत होते. मी."

अक्षरा हसली, चेष्टा असावी म्हणून. मग हसणं थांबलं. "प्रूव्ह करा."

"तुझ्या मांजराचं नाव इडली. पुण्यात राहिलंय, आजीकडे. तू रोज बायच्या पुढं त्याचं चित्र टाकतेस."

मुलीचा चेहरा उतरला. ती एक पाऊल मागे गेली, मग दुसरं, आणि दप्तर पुन्हा पोटाशी आलं. ती आत्ता पहिल्यांदा घाबरली होती, आणि प्रमोदिनीला त्या भीतीने जरा हायसं वाटलं.

"जवळ येऊ नका."

"नाही येत. आईला फोन कर. माझ्या फोनवरनं नको. गंगव्वाचा घे."

प्रमोदिनीने गंगव्वाला कन्नडमध्ये एवढंच सांगितलं की पोरगी चुकून आलीय, तिच्या आईशी बोलू दे. गंगव्वाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, सुई अर्धवट माळेत टोचून ठेवली आणि कमरेचा बटणांचा फोन काढून मुलीला दिला. दुसरा हात तिने अक्षराच्या खांद्यावर ठेवला, आणि प्रमोदिनीवरची नजर काढली नाही.

पलीकडे फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. अक्षरा रडू लागली. पाच-सहा वाक्यांनंतर तिने हात लांब करून फोन पुढे केला, जितका लांब होईल तितका.

"तुम्ही कोण?" बाईचा आवाज चिरकला होता.

"प्रमोदिनी. वय सत्तेचाळीस. जयनगरला विमा कंपनीत कामाला आहे. अक्षरा जिला भेटायला आली ती कावेरी म्हणजे मी. पाच महिने मी तिला माझं वय सांगितलं नाही. तुम्ही पोलिसांना घेऊनच या. सगळं बोलणं फोनमध्ये आहे, मी काही पुसलेलं नाही."



"हात लावलात तिला?"

"तिनं माझा धरला होता. मी सोडवला."

"तिच्यापासून लांब उभ्या राहा."

"राहिलेय."

तिने फोन गंगव्वाच्या टोपलीच्या कडेवर ठेवला आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मधे आठ-दहा पावलांचं अंतर. तीन एकतीस झाले होते. कृष्णातला तिने फोन केला नाही. त्याने एव्हाना पोलिसांना लावलाच असणार.

गंगव्वाने पलीकडच्या गाडीवरून मुलीला केळी आणून दिली. एक संपल्यावर अक्षराने नाक पुसलं आणि तिथूनच, जरा मोठ्याने विचारलं, "पण तू... तुम्ही वाचलंयत का ते? पुस्तकं? की तेपण खोटं?"

"सगळी वाचलीत. कितीतरी वेळा."

"पण का? तुम्ही तर मोठ्या आहात."

प्रमोदिनीकडे उत्तर होतं. पाच महिन्यांपूर्वी तिने ते आनंदाने दिलं असतं, मोठ्या माणसांची पुस्तकं कशी आणि लहानांची कशी ते. आत्ता, या अंतरावरून, या मुलीला ते सांगणं तिला बरोबर वाटेना. "आईला विचारून मग बोलू," ती म्हणाली. अक्षराने मान फिरवली आणि गंगव्वाला आणखी चिकटून बसली.

जीप वळणावरून आली. कृष्णातने बोलावलेले पोलीस आधी पोचले होते. येलहंका लांब होतं. एक हवालदार बाई उतरली, हातात वही. तिने फुटपाथवरच्या मुलीकडे पाहिलं, दप्तराकडे पाहिलं, आणि कन्नडमध्ये विचारलं, "कावेरी यारु?" कावेरी कोण?

अक्षराने दप्तर आणखी घट्ट धरलं. हवालदार बाईची नजर अजून तिच्यावरच होती.

फाटकापाशी उभ्या असलेल्या प्रमोदिनीने हात वर केला.