वर माणसं असताना

येसेन व्हॅन घेऊन आला तेव्हा आई दारात बसून चहाच्या पाण्याचा पितळी समोवार राखेने घासत होती. येसेन बाबांचा चुलतभाऊ, जिल्हा कचेरीत नोकरीला. अवकाशयान सुटणार असलं की माळावरच्या घराघरांत जाऊन माणसांना रात्रीपुरतं गावात हलवायचं, हे त्याचं काम. यान सुटतं पार तिकडे पश्चिमेला, तळावरून. त्याचे जळून रिकामे झालेले भाग आमच्या माळावर पडतात. आमच्या मेंढ्या ज्या कुंडीतलं पाणी प्यायच्या, तीसुद्धा अशाच एका भागाच्या पत्र्याची आहे.

"वहिनी, उठा. शेजारचे सगळे गेले," तो म्हणाला. "तुमच्यामुळे मला साहेबाच्या शिव्या खाव्या लागतील."

"खा की. तुझ्या बायकोच्या हातच्या जेवणापेक्षा बऱ्या लागतील."

तो हसला. दिराने आणि वहिनीने एकमेकांची अशी टिंगल करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पण आईने हात थांबवला नाही, हे त्याने पाहिलं.

"मी थांबणार," ती म्हणाली. "आज वर माणसं आहेत."

येसेन माझ्याकडे वळला. "मरझान, तू शिकलेली आहेस. तू तरी सांग तिला."

मी त्याला व्हॅनपर्यंत सोडायला गेले. बाबांची जुनी गाडी चालू आहे, मी आईला घेऊन मागून येते, असं सांगितलं. त्याला आणखी घरं पाहायची होती. निघताना त्याने काच खाली केली. "तिने मेंढ्या माझ्या भावाला दिल्या, उंट दिले. परवा माझ्या बायकोला लोकरीचा कोट दिला. म्हणाली, मला आता थंडी वाजत नाही." त्याने कोटाची कॉलर वर केली. "मार्चच्या थंडीत, मरझान. या माळावर."

मला कोटाचं माहीत नव्हतं. मला दुपारी तिने तिची चांदीची कडी दिली होती. मी ती पिशवीत ठेवली होती.

बाबा गेले त्याला फार दिवस झाले नव्हते. ते होते तोवर नेम ठरलेला होता. रिकामं यान सुटायचं तेव्हा ते आईला घेऊन गावात जायचे. माणसं घेऊन यान जाणार असलं की आईला मावशीकडे पाठवायचे आणि स्वतः इथे एकटे थांबायचे. लांबच्या वाटेला निघालेल्याला घरच्या वडीलधाऱ्याने हात पसरून आशीर्वाद द्यावा लागतो. हे तर आमच्या छपरावरून निघालेले, मग त्यांना खालून कोणी तरी आशीर्वाद नको का द्यायला, असं ते म्हणायचे. आईला ते पटायचं. तिला त्यांचा अभिमान वाटायचा.

आता ते काम तिचं आहे, असं तिने ठरवलं होतं. कदाचित एवढंच ठरवलं असेल. कदाचित आणखीही काही.

अंधार पडला. मी दोनदा गाडी काढायचा विषय काढला, दोनदा तिने माझ्या वाडग्यात चहा ओतला. मग ती घोंगडी घेऊन बाहेर गेली आणि त्या कुंडीला टेकून बसली. बर्फ वितळून उरलेल्या चिखलावर पुन्हा पापुद्रा धरत होता. कुत्रा तिच्या पायाशी आला, हुंगून परत गेला.

माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती. कारागांडा शहरातल्या इस्पितळात बाबांनी मला ती सांगितली होती, आणि तिला सांगू नकोस, असंही सांगितलं होतं.

"आई, बाबा आशीर्वादासाठी थांबत नव्हते."

ती चिखलावरचा पापुद्रा बोटाने फोडत राहिली.

"माणसं वर जायची त्या रात्री येसेनचा साहेब जातीने फिरायचा, जनावरं आत कोंडून ठेवायला लावायचा. आवाजाने उंट कुंपण मोडतील, पाय मोडून घेतील, म्हणून बाबा लपून थांबायचे आणि त्यांना बाहेर सोडायचे. तू भांडशील म्हणून तुला आशीर्वादाचं सांगितलं. आता उंटसुद्धा नाहीत. इथे थांबायचं काही कारण नाही."

बोलून झाल्यावर मला वाटलं, मी तिच्या अंगावरचं शेवटचं पांघरूण ओढून घेतलं.

आईने नाक पुसलं. बराच वेळ ती गोठ्याच्या रिकाम्या दाराकडे पाहत राहिली.

"लबाड माणूस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बरं. ते खोटं बोलले. पण वर यानात जे तिघं बसलेत त्यांना काय ठाऊक?"

आणि तेवढ्यात पश्चिमेला क्षितिजाच्या कडेला उजेड झाला.

आधी तो गावाच्या दिव्यांसारखा वाटला. मग त्यातून एक ठिणगी सुटी झाली आणि आमच्या दिशेने चढू लागली. आवाज नव्हता. एवढी मोठी गोष्ट एवढ्या शांतपणे येताना पाहणं मला सहन होईना. ती डोक्याच्या बाजूला आली तसा तिच्याभोवती निळसर धूर पसरला, कुंडीचा पत्रा उजळला, आईच्या गालांची हाडं दिसली. तिने दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरले होते.

"वाट मोकळी असो," ती म्हणत होती. "गेलात तसे धडधाकट परत या. तुमच्या आयांना तुम्ही दिसा." आवाज कापला नाही. शेवटी तिने तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

वर ठिणगीपासून चार ठिपके वेगळे झाले, फुलीसारखे चारी बाजूंना पांगले. मधली ठिणगी पूर्वेकडे निघून गेली. ठिपके विझले. आता ते रिकामे भाग आमच्या वर कुठे तरी होते, अंधारात, खाली येत.

"झालं," आई म्हणाली. "आता तू जा. किल्ली तुझ्याकडेच आहे."

"आणि तू?"

"मी बसते जरा."

पहिला धडाका झाला, दूर, उत्तरेला. जमीन पायाखाली किंचित हलली. मग दुसरा. मग बऱ्याच वेळाने तिसरा, जवळ. घराची एक काच निखळून पडली. कुत्रा ओरडलाच नाही, सरळ पळाला.

चौथा झाला नाही.

आम्ही वाट पाहिली. मग हलकी शीळ ऐकू येऊ लागली, वाऱ्यासारखी, पण वारा नव्हता. ती अशीच असते की आज वेगळी आहे, हे सांगू शकणारा माणूस आमच्या घरात उरला नव्हता. आई दर वेळी गावात नाही तर मावशीकडे असायची. मी शहरात.

"जा म्हटलं ना," आई म्हणाली.

मी घोंगडीचा कोपरा सरकवून तिच्या शेजारी बसले. चिखलाची ओल कपड्यांतून आत भिनली. मी शौर्य दाखवत नव्हते. मी तिची बाही घट्ट धरून ठेवली होती.

"मरझान, ऊठ."

"तू उठलीस की."

शीळ जाड झाली. आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच ती कुणाकडे तरी रागाने पाहत होती.

"बापावर गेलीय मेली!" ती ओरडली आणि माझं मनगट धरून तिने मला असं ओढलं की खांदा दुखला. घोंगडी तिथेच राहिली. आम्ही धावलो. गाडी दुसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर सुरू झाली. मी दिवे लावले.

"विझव ते. वरचं दिसू दे."

मी विझवले. माळ काळा होता, रस्ता म्हणजे त्यातच थोडा कमी काळा पट्टा. आई पुढे वाकून, काचेला कपाळ टेकवून आभाळात शोधत होती. शीळ इंजिनाच्या आवाजात मिसळली होती, की थांबली होती, कळेना.

"कुठे वळू?"

"वळू नकोस, सरळ," ती म्हणाली. तिची बोटं अजून माझ्या मनगटावर होती. "अजून. थांबू नकोस, पोरी. अजून सरळ."