गरम भाकरीवरची गोळी

आमच्या घरात खुराक हा शब्द दोघांपुरताच होता, म्हशी आणि माझा दीर भाऊसो. म्हशींना पेंड, भाऊसोला दूध, तूप, अंडी. बाकीच्यांनी नुसतं जेवायचं, आणि त्यातही मी आणि सासूबाई सगळ्यांच्या शेवटी, भगुल्यात जे उरेल ते. आष्ट्याजवळच्या त्या गावात घरोघरी हीच तऱ्हा, म्हणून कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. भाऊसो पैलवान होता आणि माझ्या सासऱ्यांचा, केरबामामांचा, सगळा जीव त्याच्या मांड्यांत होता.

साल चौऱ्याहत्तर. माझे मालक सयाजी पलटणीत, लांब जम्मूकडे. मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. पहिल्या खेपेला मूल गेलं आणि अंगावरून इतकं गेलं की मी वाचले हेच पुष्कळ, असं सुईण म्हणाली होती. आता पाणी आणताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी फार दमले होते. दमले म्हणून सांगायचाही कंटाळा यायचा, आणि सांगणार तरी कुणाला?

सरकारी दवाखान्याची नर्सबाई घरोघर फिरायची. तिने माझी पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त कमी आहे, असंच राहिलं तर बाळंतपण जिवावर बेतेल, असं स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, खातेस काय? मी तोंड उघडायच्या आत मामांनी सोप्यातूनच उत्तर दिलं, की दारात दोन म्हशी, परड्यात कोंबड्या, रानात मेथी आणि शेपू, आमच्यात खायला काय कमी? नर्सबाईला ते पटलं. घरात एवढं असताना गोळ्या कशाला, अन्नातून मिळतं ते गोळीतून थोडंच मिळणार, म्हणाली. तिच्याकडच्या गोळ्या मोजक्याच होत्या, ज्यांच्या घरात काही नाही त्यांच्यासाठी. चुकीचं काही नव्हतं तिचं. घरात सगळं होतंच. माझ्या ताटात नव्हतं, आणि सासऱ्यासमोर सुनेनं हे बोलायची रीत नव्हती.

तिला वाटेला लावायला म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी गेले आणि तिथे काय ते सांगितलं. तिने लगेच पिशवीतून तांबड्या गोळ्यांची डबी काढून माझ्या हातात ठेवली. "ताकदीच्या आहेत, जेवणावर एक घेत जा," म्हणाली.

तो ताकद शब्द मला नडला. मामा एरवी गोळ्यांच्या नावानं नाक मुरडणारे. गोळ्या गिळून कुणी पैलवान झालाय व्हय, असं चारचौघांत म्हणायचे. पण ताकदीच्या आहेत असं मी सांगितल्यावर त्यांनी डबी हातात घेऊन खाली-वर बघितली. भाऊसोची कुस्ती तोंडावर आली होती. डबी त्याच्या ट्रंकेत गेली आणि तो रोज दुधाबरोबर एक गोळी घ्यायला लागला. माझा संताप संताप झाला. पण दमलेल्या माणसाचा संतापही चुलीपर्यंतच जातो.

नर्सबाई पुन्हा आली तेव्हा पापणी आणखीच पांढरी झाली होती. गोळ्या घेतल्या का, म्हणून तिने विचारलं. तेव्हा सासूबाई बोलल्या. बायडाबाई त्यांचं नाव, मी आत्या म्हणायची. मामांसमोर त्या कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"बाई, त्या गोळ्या गडीमाणसानं खाल्ल्या तर चालतंय का वो?"

नर्सबाईने आधी आत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कट्ट्यावर दूध पीत बसलेल्या भाऊसोकडे. "बाळंतपणाच्या गोळ्या आहेत त्या," ती म्हणाली. "गडीमाणसाला काय करायच्यात?"

भाऊसोचा पेला तोंडाशीच थांबला. डबी त्याच दिवशी माझ्याकडे परत आली, आणि पुढे बरेच दिवस तो गुपचूप आपली छाती चाचपून बघत होता.

मामा म्हणाले, झालं तर मग, गोळ्या मिळाल्या, आता निराळं काही खायला घालायला नको. त्यावर आत्यांनी तव्यावरची भाकरी उलटता उलटता सांगून टाकलं, की गोळी गरम भाकरीवर आणि ताज्या भाजीवरच घ्यायची, उरल्यासुरल्यावर घेतली तर अंगावर उलटती, बाईनं बजावून सांगितलंय. बाईनं असलं काहीच सांगितलं नव्हतं. पण बाळंतपणाच्या गोष्टीत मामांना काय कळणार? दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या पंगतीला, दाराआड कोपऱ्यात बसायला लागले. पुढ्यात तव्यावरची भाकरी, मेथी आणि आमटी, तीही वरची दाट. पहिले काही दिवस लाजेनं घास उतरत नव्हता. मग उतरायला लागला.

आठव्या महिन्यात गोळ्या संपल्या. दवाखान्यातही शिल्लक नव्हत्या. मामांच्या ते बरोबर ध्यानात आलं. संपल्या न्हवं, आता हुंद्या पहिल्यासारखं, म्हणाले. मला रडूच आलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी डबी आणून माझ्या ताटाशी ठेवली. आत तांबूस गोळ्या होत्या. मी एक तोंडात टाकली, तर गूळ आणि नाचणीचं पीठ. मामा बघत होते, म्हणून मी तोंड वाकडं करून वर पाणी प्यायले.

भांडी घासताना मी आत्यांना विचारलं, हे कुठून सुचलं तुम्हाला?

"आमच्या वक्ताला गोळ्या न्हवत्या गं," त्या म्हणाल्या. "मग काय सांगून बसायचं पंगतीला?"

दिवाळीनंतर मला मुलगी झाली. ती वाचली, मीही वाचले. सव्वा महिना झाल्यावर मी चुलीपुढे बसले. पहिली भाकरी टोपल्यात न टाकता आत्यांचं ताट मांडलं आणि शेजारी डबी ठेवली. तुमचं रक्त कमी हाय, बाई म्हणाल्यात, असं मामांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. मामांनी एकदा डबीकडे बघितलं आणि मुकाट्यानं जेवायला लागले.

आत्या अवघडून कोपऱ्यात बसल्या. मी तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी तुकडा मोडायला हात लावला आणि मागे घेतला.

"चंद्रे, लय पोळतीया गं," त्या म्हणाल्या.

जन्मभर निखाऱ्यावरची भाकरी त्यांनी नुसत्या बोटांनी उलटली होती. आता हात मांडीवर ठेवून ती गार व्हायची वाट बघत बसल्या.