पायाळूची मांडी

धानाच्या रोवणीच्या दिवसात आमच्या गावात सरळ कंबरेचा माणूस शोधून सापडायचा नाही. दिवसभर चिखलात वाकायचं, संध्याकाळी कंबरेत चमक भरली की गोविंदाच्या दारी जायचं, हा आमच्या कुही तालुक्यातला जुना शिरस्ता. गोविंदाची पोरगी भूमिका पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. तिनं उजव्या पायानं कंबरेवर तीन लाथा घातल्या की चमक जाते, असं अख्खं गाव मानतं. मीही खाल्ल्यात, खोटं कशाला बोलू?

त्याच पायावर ती पोलीस भरतीसाठी धावायची. एक दिवस सरावात त्याच पायाच्या मांडीमागे कट्‌कन झालं. शहरात धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्नायू अर्धा फाटलाय. चोळायचं नाही, झटका द्यायचा नाही. हळूहळू व्यायाम वाढव, सहा आठवड्यांत धावशील." भरतीला आठ आठवडे होते. पोरीनं एक दिवस व्यायाम चुकवला नाही. महिन्याभरात लंगडणं गेलं.

तेवढ्यात बोअरवाल्या मनोहररावांची कंबर धरली. दोघांच्या खांद्यावर हात टाकून ते आले आणि गोविंदाच्या अंगणात पालथे पडले.

"काका, डॉक्टरनं झटका द्याले नाई सांगतलं," भूमिका म्हणाली. "माही मांडी फाटली आहे."

"पायाळूचा पाय कुठी फाटते वं? नखरे नोको करू."

"मंग डाव्यानं मारतो."

"डाव्यानं काय होते? उजवाच पायजे."

तिनं बापाकडे पाहिलं. गोविंदाचं धान मनोहररावांच्या बोअरच्या पाण्यावर. तो खाली मान घालून म्हणाला, "मार ना बाई. तीनच त आहेत."

मी बोलायला पाहिजे होतं. पण माझीही धानाची बांधी त्याच पाण्यावर आहे.

"जोरानं मार!" मनोहरराव ओरडले. तिसऱ्या लाथेला पोरगी किंचाळली आणि मांडी धरून कोसळली. मनोहरराव उठले, पुढे-मागे वाकून पाहिलं. "गेली ना गा चमक!" म्हणत चालते झाले.

स्नायू पुरा तुटला. ऑपरेशन झालं. वर्षभर धावणं बंद, भरती गेली. मनोहरराव बरे झाल्याची बातमी मात्र शेजारच्या गावांत पोचली. भूमिका घरी आली त्याच दिवशी शेजारच्या गावची रुखमाबाई म्हातारी दारात हजर.

"तिले उठता येत नाई वं," भूमिकाची आई सुभद्रा रडत म्हणाली.

"तिले काहून उठवता?" म्हातारी खाटेशेजारी पालथी झोपली. "तुमीच तिचा पाय उचला अन् ठेवा माह्या कंबरेवर."

भूमिकानं भिंतीकडे तोंड केलं. बाहेर आणखी तिघं वाट पाहत बसले होते. गोविंदानं वाकून तिचा पट्ट्या बांधलेला पाय उचलला.